रेषा ओलांडणाऱ्या माश्या

माश्यांचा स्वयंपाक सकाळी साडेआठला चढतो. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि घट्ट होण्यासाठी अगार, हे सगळं मोठ्या पातेल्यात रटरटायला लागलं की आमच्या प्रयोगशाळेच्या मजल्यावर कुणाच्या तरी बारशासारखा वास सुटतो. नवीन आलेला माणूस हमखास विचारतो, "आज काय विशेष?" पातेल्यापाशी उभ्या असलेल्या आमच्या मदतनीस मावशी मान वर न करता सांगतात, "पंगत हाय. माश्यांची."

मी मेंदूच्या आजारांवर काम करते. एवढं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आदर येतो आणि पुढे "माश्यांवर" म्हटलं की तो उतरतो. घरात केळी जास्त पिकली की त्यांच्याभोवती घोंघावतात ना, त्याच या बारक्या माश्या. त्यांचा मेंदू खसखशीच्या दाण्याहून लहान. पण आपल्याला हात-पाय हलवायला जे डोपामीन लागतं, ते त्या एवढ्याशा मेंदूतही असतं. कंपवातात ते बनवणाऱ्या पेशी मरत जातात. आमच्याकडच्या काही माश्यांमध्ये तसा बिघाड जन्मापासूनच असतो. तरुणपणी त्या बऱ्या दिसतात, पण काही आठवड्यांत म्हाताऱ्या झाल्या की त्यांना चढता येत नाही.

आमचा सगळा खेळ या चढण्यावर आहे. वीस माश्या काचेच्या नळीत असतात. नळी टेबलावर हलकेच तीनदा आपटली की सगळ्या खाली पडतात. धडधाकट माशी लगेच भिंत धरून वर निघते, कुणी शिकवावं लागत नाही. नळीवर एक रेषा काढलेली असते. दहा सेकंदांत किती जणी रेषा ओलांडून गेल्या ते मोजायचं. बस, एवढंच. इतक्या साध्या गोष्टीवर मी कित्येक वर्षं भाळलेली आहे. आजही नळी आपटली की ओठांतल्या ओठांत मी म्हणते, चढा ग बायांनो, चढा.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी माझ्या हाती मालकांगोणी लागली होती. डोंगरातली ही वेल. तिची पिवळी फळं तडकली की आतून शेंदरी बी डोकावतं. त्या बियांचं तेल बुद्धीला आणि सांध्यांना चांगलं, असं लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. सांगतात म्हणून मी मानत नव्हते, पण एका लहानशा चाचणीत आमच्या आजारी माश्या त्या तेलावर थोड्या बऱ्या चढल्या होत्या आणि मला झोप लागेनाशी झाली होती.

झोप न लागण्याचं कारण घरात होतं. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, खराडीत माझ्याजवळ राहतात. पाटबंधारे खात्यात ते आरेखक होते. धरणांचे, कालव्यांचे नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांच्या हातची रेषा बघायला इंजिनिअर टेबलाशी यायचे, असं आई सांगायची. निवृत्तीनंतर चार-पाच वर्षांनी त्यांचा उजवा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायला लागली, जणू हातात सतत जपमाळ आहे. आमच्या घरात जपमाळ कुणी कधी धरलेली नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं तेव्हा दादा म्हणाले, "मुलीचं गिऱ्हाईक घरातच झालं."

गोळ्यांवर ते चालते-फिरते होते. पण दोन गोळ्यांमधलं अंतर कमी कमी होत चाललं होतं. शर्टाच्या गुंड्या लावेपर्यंत टीव्हीवरच्या अख्ख्या बातम्या संपायच्या. अक्षर तर इतकं बारीक झालं होतं की किराण्याची यादी वाचायला मला चष्मा पुसून घ्यावा लागे. नातेवाईक पाले, मुळ्या, चूर्णं पाठवायचे. दादा ती सगळी मोरीशेजारच्या कुंडीत ओतायचे. माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी घरातले गंडेदोरे नदीत सोडले होते. दादांना ती गोष्ट तोंडपाठ होती. कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, पारखून घ्यायचं, हे त्यांनी मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं. मालकांगोणीबद्दल ऐकून ते म्हणाले होते, "बुद्धी वाढवणारं तेल? विकणाऱ्याची वाढलेली दिसते."

पण त्या लहानशा चाचणीनंतर एका संध्याकाळी, टीव्हीचा आवाज कमी करून, त्यांनी विचारलं, "ते तुझं तेल, माणसांना कधी?"

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या झाडपाल्याच्या औषधाची चौकशी केली होती. मला हे औषध विज्ञानासाठी हवं होतं, हे खरं आहे. पण त्या संध्याकाळपासून ते मला दादांसाठी हवं होतं आणि लवकर हवं होतं.

मोठा प्रयोग मांडला. निम्म्या नळ्यांतल्या अन्नात तेल, निम्म्यांत नुसतं अन्न. मोजणाऱ्याला कुठलं कशात आहे हे कळता कामा नये, नाहीतर मन डोळ्यांना लाच देतं. म्हणून मावशींनी अन्न ओतल्यावर नळ्यांना दोरे बांधायचे, पिवळे आणि हिरवे. कुठल्या रंगात औषध, हे कागदावर लिहून तो कागद त्यांनी स्वतःच्या चष्म्याच्या डबीत ठेवायचा. गुळाच्या तपकिरी रंगात तेल दिसत नाही, त्यामुळे मलाही कळणार नव्हतं. नळ्या आपटायच्या मी, फोनवर चित्रण करायचं मी. पण माश्या एकदा मी मोजायच्या आणि एकदा दुसऱ्या कुणीतरी, अगदी काटेकोर माणसाने. असा माणूस मला शोधायला कुठे जायचं होतं? तो घरी बसून वर्तमानपत्रातल्या नकाशांच्या चुका काढत होता.

दादा हे काम ऐकून खुर्चीत सरळ बसले. किती दिवसांनी! मी लॅपटॉप मांडून दिला. त्यांनी कपाटातून जुनी पारदर्शक पट्टी काढली, कागदावर रकाने आखले आणि मला म्हणाले, "आजोबांनी दोरे नदीत सोडले, नातीने ते माश्यांना बांधले. प्रगती आहे."

मग आमच्या घरात माश्यांचे दिवस सुरू झाले. मी संध्याकाळी वाघोलीच्या प्रयोगशाळेतून यायची, फोनमधली चित्रणं लॅपटॉपवर घालायची आणि दादा चहा बाजूला सारून बसायचे. एक चित्रण चारदा बघायचे. "ही सतरा नंबरच्या नळीतली रेषेला शिवून खाली आली. धरायची का?" मी म्हणायची, नाही. "वाटलंच. सरकारी काम दिसतं तिचं." त्यांचे आकडे आणि माझे आकडे जुळायचे. जिथे जुळत नसत, तिथे चूक माझी निघायची. आणि मला दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं, की एका रंगाच्या माश्या दुसऱ्या रंगापेक्षा खूप, खूप जास्त वर जात होत्या. पिवळ्या! रोज पिवळ्या! आम्ही दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतो. एकदा मी पोळ्या लाटताना गुणगुणायला लागले तेव्हा ते बाहेरून म्हणाले, "कागद डबीतच आहे अजून."

एका शुक्रवारी सगळी मोजणी संपली. मी मावशींसमोर उभी राहिले. त्यांनी हात पदराला पुसले, चष्म्याची डबी उघडली, घडी उलगडली आणि वाचलं, "दवा... पिवळ्यात हाय."

मी ओरडले. खरंच ओरडले, शेजारच्या खोलीतले लोक धावत आले. मावशींना मिठी मारली, त्यांच्या हाताला अजून गुळाचा वास होता. सोमवारी विभागाच्या बैठकीत हे मांडते, असं मी दिसेल त्याला सांगितलं. निघताना फ्रीज उघडून तेलाची एक छोटी बाटली पर्समध्ये टाकली. का टाकली, हे मी स्वतःलाही विचारलं नाही. माशीपासून माणसापर्यंत किती वर्षांचा रस्ता असतो, मध्ये किती दारं असतात, हे मी विद्यार्थ्यांना घसा फोडून शिकवते. पण रात्री दुधातून चार थेंब गेले तर कुणाला कळणार होतं? नगर रस्त्यावर सिग्नलला अर्धा तास अडकले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तिथे राग आला नाही. उतरून पेढे घेतले.

दादा लॅपटॉपपुढेच होते, हातात पट्टी. मी दारातूनच म्हटलं, "पिवळा! दादा, पिवळा!"

ते हसले नाहीत. त्यांनी पेढ्याचा अर्धा तुकडा तोंडात टाकला, उरलेला बशीच्या कडेला ठेवला. मग म्हणाले, "मनात म्हणत होतो, पिवळा निघू नये."

"म्हणजे?"

"इकडे ये. आज परत बघताना एक दिसलं. रेषा कुठून मोजलीस?"

"नळीच्या बुडापासून. सगळ्या नळ्यांवर सारखी आहे. मी स्वतः काढलीये."

त्यांनी पडद्यावरच्या एका नळीला पट्टी लावली, मग शेजारच्या नळीला. बोट थरथरत होतं, पण पट्टीच्या कडेला टेकल्यावर स्थिर झालं. "माशी बुडावर उभी राहत नाही. ती अन्नावर उभी राहते. पिवळ्या नळ्यांत अन्नाचा थर जाड आहे. सगळ्या पिवळ्या नळ्यांत. त्यांना चढायला अंतरच कमी आहे." मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, "धरणात गाळ धरायला विसरलीस तू."

मी बघितलं. रोज बघत होते, तेव्हा दिसलं नव्हतं. आता दिसत होतं आणि ते पाहून माझं डोकं असं फिरलं की मी नको ते बोलून गेले. "दादा, तुम्हाला बरं व्हायचंय की नाही?"

"व्हायचंय," ते म्हणाले. "म्हणूनच विचारतोय."

मी आत जाऊन दार लावून घेतलं. पर्स पलंगावर पडली होती. त्या रात्री दुधात काही पडलं नाही, आणि हा माझा मोठेपणा नव्हे. मला त्यांच्या समोर जायची लाज वाटत होती, दूध त्यांनी स्वतःच गरम करून घेतलं.

सोमवारी बैठकीत मी उभी राहून सांगितलं की निकाल मागे घेते. एकाने पेढ्यांची चौकशी केली. तिथून तणतणत मी थेट पातेल्याशी गेले आणि मावशींवर जाळ काढला. औषधाच्या नळ्यांत अन्न जास्त का ओतलंत?

मावशी माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या, वाघोलीच्या अलीकडच्या गावातल्या. गावाचं शहर झालं, शेतावर इमारती आल्या, पण त्यांचा आवाज आहे तसाच राहिला. त्यांनी पळी खाली ठेवली. "आवं मॅडम, आजाऱ्याला दवा दिला की वर दोन घास जास्त द्यावं लागत्यात. रिकाम्या पोटी दवा उष्ण पडतो. माज्या सासऱ्याला मी चौदा वर्सं असंच घातलंय. ह्या बी आजारीच हायत न्हवं?"

राग जसा आला तसा उतरला, कारण खरी खोट मला ठाऊक होती. नियमाने माश्या रिकाम्या नळीत घालून मग ती आपटायची असते. तिथे सगळ्यांना जमीन एकच. नळी बदलताना माश्या निसटतात, वेळ जातो, म्हणून तो आळस मीच केला होता. घाई मला झाली होती, मावशींना नव्हे. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. आता कसं वाढायचं ते सांगा. सगळ्यांस्नी सारखं?"

"सगळ्यांना सारखं."

"बरं. पन मला त्ये पटत न्हाई."

दुसऱ्या फेरीला माझ्या अंगात पहिल्यापेक्षा जास्त जोर होता, याचं मलाच नवल वाटतं. निकाल हातातून गेला होता, पण प्रश्न गेला नव्हता. फरक सगळा गाळाचा होता, की थोडा तेलाचाही होता? हे कळल्याशिवाय मला घास गोड लागत नव्हता. मावशी आता सिरिंजने मोजून अन्न ओतत होत्या आणि प्रत्येक नळीला "घे बाई, तुझं नशीब" म्हणत होत्या. मी माश्या रिकाम्या नळ्यांत घालत होते, निम्म्या वेळा त्या माझ्या चहात पडत होत्या. आणि रेषा? रेषा दादांनी काढल्या. मी घरी कागदाच्या पट्ट्या नेल्या, त्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, पट्टी दाबून धरली आणि एकामागून एक रेषा ओढल्या. नुसता बसलेला हात थरथरतो, पण कामाला लागला की पुष्कळांचा शांत होतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. डोळ्यांनी मात्र त्या दिवशी पाहिलं. सगळ्या रेषा ताठ. खाली दादा तारीख घालायला गेले तेव्हा आकडे मुंगीएवढे झाले.

या वेळी दोरे लाल आणि पांढरे होते. दादांनी मोजलं, मी मोजलं. फरक डोळ्याला दिसण्याइतका नव्हता. एका दिवशी लाल पुढे, एका दिवशी पांढरा. बेरजा शेवटपर्यंत करायच्या नाहीत, असं आमचं ठरलं होतं.

डबी उघडायच्या दिवशी दादा म्हणाले, "मी येतो." गुंड्यांचा शर्ट घालून, अर्धा तास आधी तयार. रिक्षाने वाघोलीपर्यंत प्रत्येक खड्ड्याला नावं ठेवत आले. मावशींनी त्यांना पातेल्यापासच्या स्टुलावर नाही, माझ्या खुर्चीवर बसवलं आणि चहा दिला. कप अर्धाच भरलेला होता. संपल्यावर न विचारता दुसरा अर्धा भरला. सगळ्यांना जास्त वाढणाऱ्या त्या बाईने दादांना अर्धा कप दिला, तो सांडू नये म्हणून. दादांच्याही ते लक्षात आलं. "मोजून वाढता येतं की तुम्हाला," ते म्हणाले आणि मावशी तोंडाला पदर लावून हसल्या.

बेरजा मी मांडल्या, दादांनी तपासल्या. एका रंगाची बेरीज दुसऱ्यापेक्षा जास्त होती. आधीच्या फरकाच्या निम्मीही नाही, पण जास्त होती, आणि हिशोब तीनदा लावला तरी जास्तच राहिली. लाल. मावशींनी डबी उघडली. कागदाची घडी उलगडायला त्यांना इतका वेळ लागला की मी तो ओढून घेणार होते.

"लाल," मावशी म्हणाल्या. "दवा लाल दोऱ्यात."

मी उडीच मारली. स्टूल पडलं. थोडंसं, एवढंसंच, पण ते तेलाचं होतं, गाळाचं नव्हतं! खसखशीहून लहान मेंदूत त्या शेंदरी बियांनी काहीतरी केलं होतं. काय, ते शोधायला आता वर्षं होती. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. दादा आकड्यांवर एक एक टिक करत होते. तक्त्याच्या खाली त्यांनी, नकाशाच्या कोपऱ्यात करायचे तशी, सही केली आणि मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं, तपासले.

मग मला राहवलं नाही. मी पर्स उघडली आणि ती छोटी बाटली त्यांच्या पुढ्यात ठेवली. सगळं सांगून टाकलं, दुधाचं, चार थेंबांचं.

"पेढ्यांच्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

"हो."

अंगठा तर्जनीवर घासत होता. "आणि मला बरं वाटलं असतं, तर ते तेलाने, गोळ्यांनी, की मुलीने दिलं म्हणून? पांढऱ्या दोऱ्याचा बाप कुठून आणणार होतीस?"

मावशींना ते कळलं की नाही कोण जाणे, पण त्या हसल्या, आणि मग मीही. दादांनी बाटली उचलली, खिडकीच्या उजेडात धरली. आतलं पिवळं तेल त्यांच्या हाताबरोबर थरथरत होतं. ते तसेच बघत राहिले, एखादी वस्तू दुकानात परत ठेवण्याआधी माणूस बघतो तसे. मग त्यांनी ती मावशींकडे दिली.

"फ्रीजमध्ये ठेवा ताई," ते म्हणाले. "माश्यांचं आहे ते."